स्वीटवॉटरकाठी, एफ्राइम हँक्सच्या वाटेवर

वायोमिंगमधल्या कॅस्परहून हमरस्ता २२० धरून नैऋत्येला साधारण ५५ मैल गेलं की डेव्हिल्स गेटची खिंड दिसू लागते. स्वीटवॉटर नदीने अख्खा कडा चिरून काढलेली ही वाट. मार्टिन्स कोव्हची हातगाडी-वारी आम्ही चाललो ती इथून. कोव्ह म्हणजे डोंगराच्या कुशीतला आडोसा. १८५६ मध्ये हातगाड्या ओढत सॉल्ट लेकला पायी निघालेले मॉर्मन (एका ख्रिस्ती पंथाचे) स्थलांतरित बर्फात इथे अडकले, आणि एफ्राइम हँक्स त्यांच्या मदतीला धावला. जुन्या सन रँचच्या घरात मॉर्मन चर्चचं माहिती केंद्र आहे. गाड्या तिथेच मिळतात, भाडं पडत नाही. कोव्हच्या पायथ्याशी गाडी लावून ठेवायची आणि आतलं वळण पायीच चालायचं, कारण आत कुणाच्या थडग्यावरून चाक जाईल हे सांगता येत नाही.

गाडी ओढायला पुढच्या आडव्या दांड्याच्या आत दोघांनी उभं राहायचं आणि दांडा हातांनी न ओढता पोटाने रेटायचा. हातांनी ओढलं तर तासाभरात खांदे भरून येतात. मागून दोघं ढकलतात. उतारावर पुढच्यांनी दांडा मागे रेटत टाचा रोवायच्या आणि मागच्यांनी दोरीने गाडी ताणून धरायची. वाळूत मात्र थांबू नये. एकदा चाक रुतून थांबलं की ते परत हलवायला दुप्पट जोर लागतो. जड सामान आसाच्या बरोबर वर ठेवावं. ते पुढे आलं तर सगळा भार दांडा धरणाऱ्यांच्या मनगटांवर पडतो.

ही वारी ज्यांच्या आठवणीत चालतात ती १८५६ ची मार्टिन तुकडी. आयोवा सिटीहून ती २८ जुलैला निघाली, म्हणजे फारच उशिरा. गाड्या घाईघाईत ओल्या लाकडाच्या बनवलेल्या होत्या. कोरड्या हवेत लाकूड आकसलं, चाकं खिळखिळी झाली. आस लाकडी असल्याने त्यात वाळू शिरून ते झिजत. वंगण म्हणून साबण आणि डुकराची चरबी लावली, तर त्या चिकटपणावर आणखी वाळू बसे. मग बुटांचं कातडं कापून आसाला गुंडाळायची वेळ आली.

प्रौढ माणसाला स्वतःचं सामान १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलोच्या आसपास, एवढंच नेता येई. ऑक्टोबरच्या मध्याला डिअर क्रीकपाशी माणसं इतकी थकली होती की तेही कमी करायला लावलं. पांघरुणं आणि जाडे कपडे तिथेच टाकले, जाळले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १९ ऑक्टोबरला, नॉर्थ प्लॅट नदी ओलांडताना बर्फ सुरू झालं. भिजलेले कपडे बदलायला दुसरे नव्हते. पीठ रोजी एका पौंडावरून उतरत उतरत चार औंसांवर आलं. सुमारे ५७६ माणसांपैकी १३५ हून अधिक माणसं वाटेत गेली. निघायला झालेला उशीर, कच्च्या गाड्या, टाकून दिलेलं पांघरूण आणि मग थंडी, या क्रमाने मरण आलं. नुसत्या थंडीवर सगळा दोष टाकणं आम्हाला पटत नाही.

एफ्राइम हँक्स तेव्हा तीस वर्षांचा होता. जन्म १८२६, ओहायो. आधी अमेरिकेच्या नौदलात होता, मग १८४६ मध्ये मॉर्मन बटालियनच्या, म्हणजे मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी अमेरिकी सैन्याने उभारलेल्या मॉर्मनांच्या पलटणीच्या, ‘बी’ कंपनीत शिपाई. या पलटणीत सुमारे ५०० माणसं होती. कपड्यांसाठी मिळालेले ४२ डॉलर बहुतेकांनी घरी पाठवले आणि अंगावरच्या कपड्यांनिशीच ते चालले. सांता फेपासून पुढे कर्नल कूकच्या हाताखाली त्यांनी वाळवंटात विहिरी खणल्या, थकून पडलेले बैल कापून खाल्ले. वाटेत अवजारं नदीत गमावली, तेव्हा बॉक्स कॅन्यनमध्ये कुऱ्हाडींनी खडक फोडून गाड्यांना वाट केली. २९ जानेवारी १८४७ ला पलटण सॅन दिएगोला पोचली. पुढे हँक्स याच मैदानी वाटेवर टपाल नेत असे.

१८५६ च्या शरदात, मध्यरात्री आपल्याला हाक आली, हातगाडीवाले संकटात आहेत, येशील का, असं तो स्वतः सांगत असे. श्रद्धावंतांना तेवढं पुरे. वाट चालताना आम्हाला मात्र जास्त मोलाची वाटली ती त्याची समज. साउथ पास या खिंडीपाशी वादळाने तीन दिवस अडवलं. गाडीने पुढे जाता येणार नाही हे ओळखून त्याने दोन घोडे मागून घेतले, एक बसायला आणि एक ओझ्याला, आणि एकटाच निघाला. मुक्कामाशी एक बायसन (अमेरिकेतला रानगवा) मारला, दुसऱ्या दिवशी आणखी एक. मांसाच्या लांब अरुंद पट्ट्या कापून त्याने घोड्यांवर बांधल्या. मोठे तुकडे चुलीवर शिजायला वेळ घेतात आणि घोड्याच्या पाठीवर बसतही नाहीत. पट्ट्या मात्र हातोहात वाटता येतात. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कोव्हच्या पश्चिमेला, त्याला तुकडी भेटली. मग कित्येकांचे गोठलेले पाय त्याने पाणी आणि साबणाने धुतले. मेलेला भाग सुटून आला की लोंबणारं मांस कात्रीने कापलं. तुकडी ३० नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचली.

आता चालणाऱ्यांसाठी. कोव्हचा परिसर सहा हजार फुटांच्या वर आहे, साउथ पास ७,४०० च्या. सपाटीवरून थेट आलेल्याला पहिल्या दिवशी डोकं जड होतं. सावली जवळपास नाही, म्हणून चढ पहाटे उरकावा. वारा सतत. घाम वाऱ्याने लगेच वाळतो, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे उशिरा कळतं. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला घोट घ्यावेत. दुपारनंतर वीज कडाडायला लागली तर धातूचा भाग असलेली गाडी सोडून सखल जागी जावं. सुती मोजे ओले झाले की फोड येतात, लोकरीचे घ्या. रॉकी रिजची वाट याहून कठीण. उंच खडकाळ चढावर चाकाखाली दगड लावायला एक माणूस वेगळा ठेवावा, दांडा धरणाऱ्यांनी ते काम करू नये.

हँक्सच्या पुढच्या आयुष्याची वाट यूटात आहे. शेवटची वर्षं त्याने प्लेझंट क्रीकवर काढली, तिथेच १८९६ मध्ये गेला. ती जागा आता कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानात येते. शेवटचा टप्पा कच्चा रस्ता आहे आणि उन्हाळी पावसात तिथे अचानक लोंढे येतात, तेव्हा निघण्याआधी उद्यानाच्या केंद्रात रस्ता सुरू आहे का ते विचारून घ्या.