हँगरमधली ट्रेनीगिरी आणि हरवलेला बिट

कोर्स संपवून विमानाच्या मेंटेनन्स शॉपमध्ये ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा वाटलं होतं आता इंजिन उघडायचं. पहिले तीन आठवडे काय केलं तर पॅनलचे, म्हणजे विमानाच्या अंगावरच्या उघडायच्या झाकणांचे, स्क्रू मोजून पिशव्यांत भरले, पिशवीवर पॅनल नंबर लिहिला, शिडी धरली, फरशी पुसली. वैतागलो होतो खरं सांगायचं तर. एकदा मी दोन पॅनलचे स्क्रू एकाच पिशवीत टाकले, म्हणलं सारखेच तर दिसतायत, तेव्हा आमच्या सिनियरनी आवाजसुद्धा न चढवता १९९० चा किस्सा सांगितला. ब्रिटनमधल्या एका प्रवासी विमानाची कॉकपिटची काच हवेत निघून गेली, कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला आणि केबिन क्रूनी धरून ठेवला म्हणून वाचला. काच नवीनच बसवलेली, ९० पैकी ८४ बोल्ट ठरलेल्या जाडीपेक्षा बारीक, फरक मिलीमीटरसुद्धा नाही. पुस्तकात पार्ट नंबर न बघता जुन्या बोल्टशी नुसते डोळ्यानी जुळवून घेतले होते. मी गपचूप पिशवी ओतली आणि सगळे स्क्रू परत वेगळे केले.

मग लॉकवायर. नट-बोल्ट थरथरीनी सैल होऊ नयेत म्हणून तार पिळून बांधतात ती. बघायला सोपं, पण तार अशी ओढलेली पाहिजे की बोल्ट सैल व्हायला लागला तर तारच त्याला आवळायच्या दिशेला खेचेल, मी पहिल्याच दिवशी उलटी बांधली. नेहमीच्या ०.०३२ इंची तारेला इंचाला सहा ते आठ पीळ पाहिजेत, कमी पडले तर ढिली राहते आणि जास्त दिले तर तार ठिसूळ होऊन तुटते. पक्कडीचा ओरखडा उठला तरी कापा आणि परत करा. एका संध्याकाळी अकरा वेळा कापली, बोटांना भोकं पडली ती वेगळीच, आणि बाराव्या वेळी सर फक्त "हं" म्हणाले, तेवढ्यावर मी खूश.

हायड्रॉलिकच्या जांभळ्या ऑइलबद्दल एवढंच, की ग्लोव्ह आणि चष्मा कंटाळा न करता घाला, माझ्या डोळ्यात एक थेंब गेला आणि अर्धा तास डोळा धूत बसलो.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे प्रत्येक टूलची बोर्डावर त्याच्या आकाराची जागा असते, शिफ्ट संपताना बोर्ड भरलेला पाहिजे. एका रात्री माझ्या बोर्डात छोट्या हेक्स बिटची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरला लावायच्या सहा कोनी टोकाची, जागा रिकामी. साधारण दहा मिनिटं मी कोणाला बोललोच नाही, वाटलं सापडेल, उगाच कशाला बोभाटा, आणि ती दहा मिनिटं सगळ्यात वाईट, कारण तोपर्यंत दुसऱ्या टीमनी दोन पॅनल बंद पण केली. शेवटी सांगितलं. सर म्हणाले, "शेवटचा कधी हातात होता, तेवढं आठव, बाकीचं आम्ही बघतो." पॅनल परत उघडली, टॉर्च आणि आरसा घेऊन सगळे शोधायला, विमान तोपर्यंत सोडता येत नाही कारण तो बिट विमान वळवायच्या कंट्रोलच्या केबलमध्ये अडकला तर काय, हे कोणाला सांगावं लागत नाही. दोन तासांनी चिंध्यांच्या डब्यात सापडला, मीच हात पुसून त्याच्यासकट फडकं टाकलेलं.

ओरडलं कोणी नाही. फक्त म्हणाले की दहा मिनिटं आधी सांगितलं असतं तर पॅनल दोनदा उघडावी लागली नसती.

लॉगबुकचं पण सांगतो, नवीन लोक इथेच फसतात. केलेलं काम त्याच दिवशी लिहायचं आणि ज्याच्या हाताखाली केलं त्याची सही घ्यायची, कारण महिन्यानी त्याची शिफ्ट बदललेली असते आणि तुम्हाला पण आठवत नाही की व्हील बदललं होतं का ब्रेक, आणि सही नसली की मेंटेनन्स इंजिनिअरच्या लायसन्सच्या अर्जात त्या कामाला काडीची किंमत नाही. माझी अशीच सात-आठ कामं वाया गेली.

त्या रात्रीपासून फडकं टाकायच्या आधी झटकतो. घरी ओटा पुसायचं फडकं पण झटकतो, घरचे हसतात.