पाठीचं की पोटाचं

गुरुवार, रात्री

आज प्लास्टिक सर्जनकडे जाऊन आले. रेडिएशन संपून वर्ष होत आलं, कातडी जरा मऊ पडली आहे, कॅन्सरमुळे काढलेली छातीची उजवी बाजू पुन्हा बनवून घ्यायची असेल तर आता विचार करा, म्हणाले. नाही केलं तरी काही बिघडत नाही, काही वर्षांनीही करता येतं, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी सगळ्यांची मतं तयारच होती. ह्यांचं म्हणणं, "आता परत चिरफाड कशाला?" जाऊबाई म्हणाल्या, "ह्या वयात कोण बघतंय?" बघण्याचा प्रश्न कुठे आहे? दिवसभर बायकांच्या छातीला टेप लावते मी. दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेली बाई अजून दुकानात यायची आहे. कुणाचा एका बाजूचा टक्स खोल घ्यायचा, कुणाच्या एका कटोरीत पातळ पॅड टाकायचं, हे चालतंच. माझ्या ब्लाउजच्याही उजव्या अस्तराला कप्पा आहे, त्यात सिलिकॉनचं पॅड बसतं. कुणाला कळतसुद्धा नाही. पण एप्रिल-मेमध्ये त्याच्याखाली घामोळं उठतं, आणि कापायच्या टेबलावर ओणवं झालं की ते पुढे लोंबतं. मला वैताग आहे तो ह्याचा.

वाटा तीन. इम्प्लांटचं, म्हणजे कातडीखाली कृत्रिम छाती बसवायचं, ऑपरेशन त्यातल्या त्यात लहान. आधी फुगा बसवून सलाइननं हळूहळू कातडी ताणायची, मग कायमचं घालायचं. कायमचं म्हणजे नावालाच, पुढे कधीतरी बदलावं लागू शकतं. शिवाय रेडिएशन घेतलेल्या जागी शरीर त्याच्याभोवती जे कवच धरतं, ते आवळून छाती दगडासारखी होण्याची भीती जास्त. लेकीनं वाचून दाखवलं, की खडबडीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट २०१९ साली जगभरातून परत मागवली होती, त्यांच्यामुळे लिम्फोमा नावाचा एक दुर्मीळ कॅन्सर होऊ शकतो म्हणून. हे माझ्या मनातून उतरलं.

पाठीचा स्नायू कातडीसकट काखेखालून पुढे आणायचा, ही पद्धत फार जुनी. तान्सिनी नावाच्या इटालियन सर्जननं १९०६ मध्येच ती लिहून ठेवली आहे. रक्तवाहिनी तोडावी लागत नाही, त्यामुळे भरवशाची. पण पाठ उजवीकडची जाणार. कात्री चालवायची, जड इस्त्री ओढायची, कापडाचे तागे फळीवरून काढायचे, सगळं ह्याच हातानं. काखेतल्या गाठी काढल्यापासून तो हात आधीच संध्याकाळी जड होतो. पाठीला मी हात लावू देणार नाही.

राहिलं पोट. बेंबीखालची कातडी आणि चरबी काढायची, स्नायू तिथेच ठेवायचा, आणि दोन-तीन मिलिमीटरच्या रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली छातीतल्या वाहिन्यांना जोडायच्या. डॉक्टरांनी चिमटीत पोट धरून पाहिलं, पेनानं कमानीसारखी रेघ मारली. माझं लक्ष रेघेवरच. दोन्ही टोकं सारखी आली नव्हती, मी तसं सांगितलं. हसले, म्हणाले, "ताई, ऑपरेशनच्या दिवशी नीट आखू." सिझेरियनचा व्रण आडवा आहे, त्याची बहुधा अडचण येणार नाही. तरी सीटी अँजिओ करून वाहिन्या बघणार.

हेच सगळ्यात मोठं ऑपरेशन, सहा-आठ तास तरी. पहिले दोन दिवस नर्स तासातासाला लावलेल्या भागाचा रंग आणि ऊब बघणार. क्वचित रक्ताची गुठळी होते, मग धावत परत थिएटरमध्ये. तरीही लावलेलं सगळं वाया गेलं, असंही थोड्या जणींचं होतं. स्पर्श पूर्वीसारखा कळणार नाही. सुरुवातीला कंबरेत वाकून चालायचं, साधारण दीड महिना जड उचलायचं नाही. भीती वाटते, नाही कशाला म्हणू? पण जमलं तर ते माझंच मांस, मी जाड-बारीक झाले तर तेही होईल, आणि कप्प्याची कटकट संपेल.

तेव्हा सीटी नीट आली तर पोटाचंच. आषाढ लागला की करून घ्यायचं. जाऊबाई लगेच म्हणाल्या, "अगं, आषाढात कुणी चांगलं काम काढतं का?" म्हटलं, कुणी काढत नाही म्हणूनच तर! लग्नसराई उरकलेली असते, गिऱ्हाईक नसतं. गौरी-गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत मला मशीनवर बसायचंय.