घरगुती मिलिंगचं स्पिंडल: मोटर एकदाची ठरली

माझ्या मिलिंग मशीनच्या स्पिंडलवरून (कापणारं हत्यार फिरवणारा भाग) ७७५ ची ब्रशवाली मोटर काढल्यावर घरात पडलेली ड्रोनची २२१२ (हा आकाराचा नंबर), १००० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे रिकामे फेरे) लावून पाहिली. १२ व्होल्टला रिकामी मिनिटाला १२,००० फेरे फिरते, म्हणजे आकडा हवा तोच. पण कोलेट (हत्यार घट्ट पकडणारा भाग) थेट मोटरच्या ३.१७ मिमी शाफ्टवर. डायल गेज लावला तर रनआउट (फिरताना केंद्रापासून होणारी हालचाल) ०.०८ मिमी! ॲल्युमिनियमवर नुसती थरथर, आणि दहा मिनिटांत मोटरला हात लावायची सोय नाही. ड्रोनवर पंखाच तिला वारा घालतो, इथे कोण घालणार?

मग जो हिशेब आधी करायचा तो केला. दोन धारांची ३ मिमी एंडमिल (फिरून कापणारं हत्यार), मिनिटाला १०० मीटर कटिंग स्पीड, म्हणजे साधारण १०,६०० आरपीएम. दर धारेला ०.०२ मिमी धरून फीड (हत्यार पुढे सरकायचा वेग) मिनिटाला ४२० मिमीच्या आसपास. अर्धा मिमी खोल खाच मारताना मिनिटाला ६३० घन मिमी माल निघतो. त्याला टोकाशी दहा वॉटही लागत नाहीत. आणि मी ७०० वॉटच्या मोटरींच्या किमती बघत बसलो होतो.

'केव्ही कमी तर ताकद जास्त' हेही अर्धंच खरं. दर अँपिअरला टॉर्क वाढतो (९.५५ भागिले केव्ही, न्यूटन-मीटरमध्ये), पण त्याच आकाराच्या मोटरीत वेढे जास्त आणि तार बारीक, त्यामुळे रेझिस्टन्सही वाढतो. तेवढ्याच टॉर्कला वाइंडिंग तेवढंच तापतं. गरम होऊ नये असं वाटत असेल तर मोटर अंगानं मोठी घ्या. केव्ही फक्त सप्लायशी जुळवायचा.

मशीनचे अक्ष हलवणाऱ्या स्टेपर मोटरींसाठी २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहेच, म्हणून ४२५०, ६०० केव्ही घेतली. रिकामी १४,४००, थ्रॉटल कमी करून वापरतोय. ईएससी (मोटर चालवणारा स्पीड कंट्रोलर) सहा बॅटरी सेलच्या व्होल्टेजची घ्यावी लागली. तिचा ब्रेक बंद करा बरं का! माझा चालू राहिला होता. थांबताना मोटरनं वीज उलटी फेकली आणि एसएमपीएस ट्रिप.

कोलेट आता मोटरवर नाही. ईआर-११ मापाच्या कोलेटचा ८ मिमी शाफ्ट दोन अँग्युलर बेअरिंगवर बसवला, हाउसिंग भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांकडून करून घेतलं, मोटर बाजूला जीटी२ दातेरी बेल्टवर. रनआउट ०.०१५ वर आला. खरा फरक इथेच पडला.

जीआरबीएलचा (मशीन चालवणारं फर्मवेअर) पीडब्ल्यूएम सिग्नल ईएससीला कळत नाही, तिला १००० ते २००० मायक्रोसेकंदांचे सर्व्होसारखे पल्स लागतात. मध्ये सिग्नल बदलून द्यायला एक अर्डुइनो नॅनो टाकलाय. लोड आला की आरपीएम उतरतात, तेवढं अजून सुटलेलं नाही. रिमोटच्या हेलिकॉप्टरवाल्यांची गव्हर्नर मोडची (लोड आला तरी आरपीएम राखणारी) ईएससी कोणी वापरली असेल तर सांगा.