रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? तुम्ही विचारलंत म्हणून

मोंढ्यातले आडते, सराफ, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहणारे शेतकरी, सगळे एकच विचारतात: परवाना झालाय, स्वसंरक्षणासाठी लहान बोअरचं, म्हणजे बारीक नळीचं, काय घेऊ? आणि लगेच पुढे, 'खिशात मावेल असं सांगा.' आधी खिसा डोक्यातून काढा.

.38 आणि 9 मिमी प्रतिबंधित बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाही. बहुतेकांना उरतं .32 आणि .22. .22 चं 'निडर' रिव्हॉल्व्हर जेमतेम 250 ग्रॅमचं, म्हणून भुरळ पडते. पण त्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो. कडेला कुठे तो विरळ राहिला की घोडा पडतो आणि नुसता टक् आवाज येतो. सरावाला उत्तम, जिवावर बेतल्यावर मी त्याच्यावर विसंबणार नाही.

.32 घेताना काडतूस नीट बघा. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड, 7.65 मिमीचं. बोलताना दोन्ही 'बत्तीस'च, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आता खरी गोष्ट, चापाची. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर उघडा, सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा. डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं भरा, नळी भरीव भिंतीकडे धरा आणि घोडा न चढवता चाप ओढा. त्याला चार-पाच किलोचा जोर लागतो. कानपूरचं 'निर्भीक' सुमारे 500 ग्रॅमचं. म्हणजे बोटाचा जोर शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट, मग हत्यार हलणारच. नेम धरायच्या, नळीच्या टोकावरच्या माशीवर नजर ठेवा: उजव्या हाताच्या माणसाची ती शेवटच्या क्षणी खाली डावीकडे जाते. गोळीही तिकडेच जाते. नळीवर नाणं ठेवून ते न पडता चाप ओढता येईपर्यंत हेच करत राहा. जड रिव्हॉल्व्हर इथे सांभाळून घेतं. हलकं, खिशातलं घेत नाही.

'तुम्ही घाबरवताय,' असं म्हणतात. नाही हो, घेऊ नका असं मी म्हणतच नाही.

पूर्वी वयस्क माणसाला मी सरसकट रिव्हॉल्व्हर सुचवायचो. काडतूस पेटलंच नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात दोन्ही हातांनी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते. कारण आजही पटतं. पण बोटं आखडलेल्याला तो चापच ओढवत नाही, आणि स्लाइडही नाही. त्याला काय सांगावं, हे अजून ठरत नाही.

काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात ठेवू नका, पितळेवर हिरवा गंज चढतो आणि ती घरात अडकतात. तेलही बेतानं, आपल्याकडच्या फुफाट्यात त्याचा चिखल होतो.

आणि पुढच्या वेळी विचारायला याल तेव्हा आधी सांगा, आखाड्यावर कुलपाचं लोखंडी कपाट आहे का, आणि त्याची किल्ली पोरांना कुठे सापडते.