खिडकीवर चार वेळा सांगितलं, थेरपीत एकदाही सांगावं लागलं नाही

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोलीकडं 4.5 चा भूकंप झाला, आम्हाला नांदेडला पण जाणवला. मांडणीतली भांडी वाजली आणि मी पोरीला उचलून जिन्यावरून खाली पळाले ते तासभर वर यायलाच तयार नाही. त्या दिवसापासून झोप गेली. माझं माहेर औसा तालुक्यातलं, 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, सगळे दमून झोपलेले, पहाटे चार वाजायच्या आत माळवद, म्हणजे घराचं मातीचं छत, खाली आलं. आजी आणि धाकटा भाऊ गेले. एवढंच लिहिते.

आता ज्याचा अजून राग येतो ते सांगते. एका दवाखान्यात मानसिक ओपीडीला गेले. केसपेपरच्या खिडकीवर विचारलं काय त्रास, म्हणलं झोप येत नाही. कशामुळं? म्हणलं डॉक्टरांना सांगते. तर म्हणे इथं कारण लिहावं लागतं, मोठ्यानं बोला. मागं वीस माणसं, त्यात आमच्या गल्लीतली एक बाई. सांगितलं. मग दुसऱ्या खिडकीवर परत तेच. आत शिकाऊ डॉक्टरांनी परत पहिल्यापासून विचारलं आणि गोळ्या देऊन पुढच्या सोमवारी या म्हणाले. पुढच्या सोमवारी फाईल सापडंना, नवीन केसपेपर, चौथ्यांदा तीच कथा, आणि तिथला माणूस म्हणतो "तीस वर्षं झाली की ताई, आता काय त्याचं." मी काही बोलले नाही, बाहेर येऊन पायरीवर बसले. प्रत्येक वेळी सांगून आल्यावर त्या रात्री तोंडात मातीची चव यायची, घामानं गाऊन भिजायचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क आहे हे मला फार उशिरा कळलं, आधी माहीत असतं तर तिथंच बोलले असते.

मावसबहिणीनं छत्रपती संभाजीनगरच्या एका मॅडमचं नाव दिलं, त्या ईएमडीआर करतात, म्हणजे नजर डावी-उजवीकडं फिरवत जुन्या धक्क्याच्या आठवणीवर करायची थेरपी. पहिली दोन-तीन सेशन नुसती तयारी, माहिती आणि मन शांत होईल अशी एक जागा ठरवायची, मी माहेरच्या विहिरीवरची चिंच ठरवली. मग त्यातला सगळ्यात वाईट क्षण मनात धरायचा आणि त्यांची बोटं डावीकडं उजवीकडं फिरतात त्यावर नजर ठेवायची, अर्धा मिनिट, थांबायचं, काय आलं ते एका वाक्यात सांगायचं, परत. त्रास 0 ते 10 मध्ये किती ते विचारतात, मी 10 म्हणलं होतं. आणि मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, काय झालं ते सविस्तर सांगायची गरज नाही, तुमच्या मनात असलं तरी चालतं. मी तिथंच रडले.

हो, आधी लिहायला पाहिजे होतं, त्याच दिवशी एकट्यानं परत प्रवास करू नका, सेशननंतर दोन-तीन दिवस विचित्र स्वप्नं पडतात. मी तपोवन एक्स्प्रेसनं जायचे आणि बहिणीकडं मुक्काम करायचे. ईएमडीआरचं ट्रेनिंग झालंय का आणि फी किती ते फोनवरच स्पष्ट विचारा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. रात्री फारच झालं तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा, फुकट आहे, मी दोनदा लावला.

सातव्या सेशनला आकडा 2 वर आला. रात्री ट्रक गेला तर जाग येते पण आता मी उठून पळत नाही, कूस बदलते. आणि खिडकीवर कुणी कारण विचारलं तर "झोपेचा त्रास" एवढंच लिहायला लावा, बाकीचं आत डॉक्टरांना सांगते म्हणा, आणि तिथून हलू नका.