आवरतं घ्या

शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५

गजर लावायची गरज पडली नाही. लॉस एंजेलिसमधली गुरुवारची संध्याकाळ म्हणजे माझी शुक्रवारची सकाळ, हे गणित आता अंगात मुरलंय. डिसेंबरात तिथे ‘द गेम अवॉर्ड्स’ हा व्हिडिओ गेमच्या पुरस्कारांचा सोहळा असतो आणि मी डोळे चोळत पीकॉक थिएटरचा झगमगाट बघत बसते. पुढच्या वर्षी नाही बघायचं, असं दरवर्षी ठरवते. निकाल काय, दुपारी दोन मिनिटांत वाचून होतात. नव्या गेमचे ट्रेलरही सुटे सुटे मिळतातच.

मी बसते ती भाषणांसाठी. आणि तिथे वेळ नसतो तो नेमका भाषणांनाच.

२०२३ चा सोहळा अजून डोक्यातून गेलेला नाही. ‘बाल्डर्स गेट ३’ वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला आणि तो बनवणाऱ्या लॅरियन कंपनीचा प्रमुख स्वेन विंके चक्क चिलखत घालून मंचावर आला. आधी हसू आलं. मग तो नोव्हेंबरात वारलेल्या आपल्या एका सहकाऱ्याची आठवण सांगू लागला. त्याच भाषणात त्याच्यासमोरच्या पडद्यावर ‘आता आवरतं घ्या’ अशी पाटी झळकत होती. सहा वर्षं खपून केलेला गेम, त्यात गेलेला माणूस, आणि समोर पाटी.

या घाईमागे एक किस्सा आहे. २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नरॉक’मधल्या अभिनयासाठी क्रिस्टोफर जजला बक्षीस मिळालं, तेही हॉलिवूडच्या अल पचिनोच्या हातून. गडी आठेक मिनिटं बोलला. पुढच्या वर्षी घड्याळ कडक झालं. जज स्वतः पुन्हा मंचावर आला तेव्हा म्हणाला की माझं भाषण यंदाच्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ गेमच्या मोहिमेपेक्षा, म्हणजे त्यातल्या अख्ख्या गोष्टीपेक्षा, लांब होतं. सगळे खदखदून हसले. मला मात्र ती आठ मिनिटं आवडली होती. कुणाला घाई होती? ट्रेलरना.

आता ट्रेलरचंही ऐकून घ्यायला हवं. हा सोहळा २०१४ पासून जेफ किली चालवतो. पहिल्या वर्षी लास व्हेगासमध्ये झाला तेव्हा तो १९ लाख लोकांनी पाहिला. २०२४ साठी आयोजकांनी सांगितलेला आकडा थेट प्रक्षेपण १५ कोटी ४० लाख वेळा पाहिलं गेल्याचा आहे. एवढी गर्दी काही आभारप्रदर्शन ऐकायला जमत नाही, मलाही कळतं. नव्या गेमची पहिली झलक बघायला जमते, आणि त्यातल्या कित्येक जागा पैसे मोजून घेतलेल्या असतात. यंदा किलीने आधी वाळवंटातल्या एका भयानक पुतळ्याचा फोटो टाकला आणि लोक कित्येक दिवस तर्क लढवत बसले. निघाला लॅरियनचा नवा ‘डिव्हिनिटी’. मीही तर्क लढवले होते, खोटं कशाला बोलू. माझे सगळे चुकले.

माझी भाषणांची खोड कुठून आली तेही एकदा लिहूनच टाकते. काही वर्षांपूर्वी मी सात महिने एका गेमचं टेस्टिंग केलं. काम म्हणजे एकाच भिंतीवर चारही बाजूंनी आपटत राहायचं, पात्र कुठून आरपार पडतं ते शोधायचं आणि लिहून पाठवायचं. तीच पायरी दोनशे वेळा. गेम बाहेर आला. मी आणि बरोबरचा एक जण फोन चालू ठेवून शेवटची नामावली बघत बसलो. ज्या महिन्यात गेम निघाला त्या महिन्यात कामावर असलेल्यांचीच नावं होती. आमचं कंत्राट त्याआधी संपलं होतं. तो म्हणाला, “अगं, परत एकदा लावू, नजरेतून सुटलं असेल.” परत लावली.

त्यामुळे कोणी मंचावर उभं राहिलं की माझे कान आपोआप टवकारतात. हा कुणाकुणाची नावं घेतो? निर्मात्यांची, आईवडिलांची, बायकोची. त्यापलीकडे जातो का? २०२४ मध्ये आमीर सत्वत या माणसाला पहिला ‘गेम चेंजर’ पुरस्कार दिला तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले होते. या धंद्यातून हजारोंनी माणसं काढली जात असताना हा नोकऱ्यांच्या याद्या जमवून लोकांना कामं मिळवून देत होता. गेमसाठी नाही, गेम बनवणाऱ्यांसाठी बक्षीस.

तर यंदा. ‘क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३’ने झाडून सगळं नेलं, नऊ पुरस्कार. आधीचा विक्रम ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’चा, सातांचा. फ्रान्समधल्या माँपेलिएची सँडफॉल ही मंडळी, मूळ चमू तीसेक जणांचा, आणि हा त्यांचा पहिलाच गेम. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र, छोट्या चमूंच्या गेमसाठीच्या विभागातलं बक्षीसही यांनाच का, यावर वाद चालूच राहतील, आणि बाहेरून मदत करणाऱ्यांची नावं मोजली तर तीसचा आकडा बराच फुगतो, हे मीच सगळ्यात आधी बोलेन.

पण दिग्दर्शक गिओम ब्रोश बोलता बोलता म्हणाला की गेम कसा बनवायचा हे शिकवणारे व्हिडिओ यूट्यूबवर टाकणाऱ्यांचे आभार, कारण आम्हाला सुरुवातीला काहीच येत नव्हतं.

मी व्हिडिओ मागे नेला आणि पुन्हा ऐकलं.

कुठल्याच नामावलीत न येणारी माणसं ही. कुणीतरी रात्री घरी बसून, बेताच्या माईकवर, सावली नीट कशी पाडायची ते समजावून सांगितलं असेल. साडेतीनशे लोकांनी पाहिलं असेल. त्यातला एक ब्रोश.

शेवटच्या बक्षिसाआधी वाद्यवृंद नामांकित सहाही गेमच्या धून एकात एक गुंफून वाजवतो. तेवढी काही मिनिटं पाटी नाही, घाई नाही, वादकाच्या बोटांवर कॅमेरा थांबतो. दरवर्षी मला वाटतं, सगळा सोहळा याच्यासारखा का नसावा. मग पुन्हा घाई सुरू होते.

बंद करून त्याला मेसेज टाकला, टेस्टिंगवाल्या त्याला: “पाहिलंस का रे?”

तासाभराने उत्तर आलं. “झोपलो होतो. कोण जिंकलं?”

“यूट्यूबवाले,” मी लिहिलं.

त्याने नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलंय. रात्री फोन करून सांगते.