केळां, केळं, केयी: सावंतवाडी ते नागपूर एसटीने

बोली ऐकत फिरायचं तर सोबत एकच शब्द घ्यावा, आणि तो 'केळं' असावा. फळाच्या गाडीवर तो फुकट ऐकायला मिळतो. मराठी जिथे जिथे वळण बदलते त्या दोन्ही जागा त्यात आहेत: मधला ळ आणि शेवटचा अनुस्वार.

सावंतवाडीच्या बाजारात ऐकू येतं 'केळां'. प्रमाण मराठीतल्या नपुंसकलिंगी 'अं'चा इथे 'आं' होतो: बरां, माजां घर. पुल्लिंगी 'आ'चा होतो 'ओ': घोडो, माजो झील (माझा मुलगा). घाटावरच्या कानाला 'माजां' म्हणजे 'माझा' वाटतं आणि लिंगांचा पार गोंधळ उडतो. लक्ष शेवटच्या नाकातल्या आवाजावर ठेवलं की सुटतं. दुसरी फसगत 'मी येतंय'ची. पुणेरी व्याकरणात 'येतंय' हे मांजराबद्दल किंवा लेकराबद्दल असतं; मालवणीत माणूस स्वतःबद्दलच सांगत असतो. 'इलंय' म्हणजे आलोय. बाकी कुठे म्हणजे खंय, इथे म्हणजे हयसर, मला म्हणजे माका, एवढं जमलं की स्टँडवर अडत नाही.

सुमारे ३० किलोमीटर चढून आंबोली. घाट संपला की बोली बदलते अशी समजूत असते, पण आजरा-चंदगड पट्ट्यात कोकणी वळण बराच वेळ रेंगाळतं. कोल्हापुरात मात्र स्वच्छ 'केळं'. इथे क्रियापद आखडतं: 'काय करायला लागला आहेस' हे सगळं 'काय करालाईस?' एवढ्यात बसतं. या भागातल्या बायका सहज 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. ती चूक समजून दुरुस्त करायला जाणारे पाहुणे दर गावात निघतात, आणि त्यांना दुसऱ्यांदा चहा मिळत नाही.

सांगली, सोलापूर मागे टाकून लातूर. केळं तेच, पण प्रश्न येतो 'काय करायलास?' प्रमाण मराठीत 'करायला' म्हटलं की पुढे 'गेलो', 'आलो' असं काहीतरी लागतं, म्हणून ऐकणारा वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसतो. वाक्य संपलेलं असतं. 'मी जेवायलो' म्हणजे मी आत्ता जेवतोय.

खरी गंमत जळगावात. रावेर, यावल म्हणजे केळीच्या बागांचा मुलूख, आणि तिथल्या लेवा बोलीत नेमका केळीतलाच ळ गळतो. केळी म्हणजे केयी, डोळे म्हणजे डोये, शाळा म्हणजे शाया. ओढाळ जनावर 'वढाय' होतं. त्यात ळ तर गेलाच, सुरुवातीचा ओही 'व' झाला. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला फटका देतं. तो फटका राहून गेला आणि जीभ नुसती टाळूजवळ उचलली गेली की 'य' उरतो. आगरी-कोळी बोलींत तोच ळ दुसरीकडे जाऊन 'ल' होतो: नारळाचा नारल, डोळ्याचा डोला. धुळे-अमळनेरकडे अहिराणी लागते. तिथे 'आहे'ला 'शे', 'माझा'ला 'मना'.

हे फोनवर टिपायचं असेल तर 'तुम्ही केळ्याला काय म्हणता?' असं कधीच विचारू नये. शब्द तोंडात दिला की समोरचा तोच परत करतो, आणि पाहुणा शहरी दिसला तर शाळेतली मराठी काढतो. फळाकडे बोट दाखवून 'हे काय भावाने?' विचारावं, मग बोलणं भलतीकडे न्यावं आणि शब्द आपोआप आणखी दोनतीनदा येऊ द्यावा. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला; अगदी समोर धरला तर प, भ म्हणताना वारा लागून फट्फट् आवाज येतो. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवावी. दाबून लहान केलेल्या फाइलीत 'चार'मधला तालव्य च आणि 'चारा'मधला दंततालव्य च यांतला बारीक फरक पुसट होतो, आणि लिपीत दोन्ही सारखेच असल्यामुळे नंतर वहीतूनही उलगडा होत नाही. चालत्या एसटीत काहीच टिपू नये, इंजिन सगळं खातं. आणि आधी बोलणाऱ्याची परवानगी. घरबसल्या तुलना करायला डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या बोलीसर्वेक्षणाची ध्वनिमुद्रणं संकेतस्थळावर आहेत.

भुसावळ, मलकापूर, अकोला, अमरावती. जिल्हे बदलतात, वऱ्हाडीतही खेड्यापाड्यांत ळचा य चालूच राहतो: पोळ्याचा सण 'पोया' असतो. 'मला'चं झालं 'मले', 'का'चं 'काऊन'. 'उद्या येजो' ऐकून ये की जा असा विचार करू नये. उद्या ये, एवढंच.

प्रवाशाची सगळ्यात मोठी अडचण नागपूरकडची. 'गाडी येऊन राहिली' हे ऐकून पुण्यामुंबईचा माणूस बॅग उचलून फलाटाकडे धावतो, कारण त्याला वाटतं गाडी आली आणि थांबली. इकडे त्याचा अर्थ गाडी येते आहे, अजून वाटेत आहे. 'येऊन राहिली' म्हटलं तर बाक सोडू नये. 'लागली' म्हटलं की पळावं.